नॉझल दुरुस्त करावा की बदलावा?
(बी. कॉम. तृतीय वर्ष, मराठी विभाग)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने डिझेल इंजिनावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु दुरुस्ती करावी की नवी वस्तू घ्यावी, हा प्रश्न जितका कारखान्यातला आहे तितकाच जमाखर्चाच्या वहीतला आहे. पुस्तकात आपण 'बुडीत खर्च', 'वाढीव खर्च', 'भांडवली व महसुली खर्च' ही प्रकरणे वाचतो, व्याख्या पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. गेल्या वर्षी ही सारी प्रकरणे मला एका बोटभर लांबीच्या पोलादी तुकड्यात एकत्र भेटली. तो तुकडा म्हणजे जुन्या अँबॅसडर डिझेल गाडीचा नॉझल. त्यावरून मला जे समजले ते क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

गाडी माझ्या मामांची. मामांचे खानापुरास किराणा दुकान आहे आणि सुट्टीत त्यांचा जमाखर्च मी लिहितो. गाडी दुकानाच्या थोड्याफार मालासाठी वापरली जाते, पण तिचे मुख्य काम आजीला महिन्यातून दोनदा बेळगावच्या दवाखान्यात नेण्याचे. आजीचे गुडघे धरलेले. हल्लीच्या बुटक्या गाडीत तिला बसता येत नाही आणि बसलीच तर उठता येत नाही. अँबॅसडरचे आसन उंच, दार रुंद. त्यामुळे ही गाडी जाणे म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने केवळ एक जुनी वस्तू जाणे नव्हते.

तशात गाडी काळा धूर ओकू लागली. सकाळी चालू व्हायला वेळ घेई, जागेवर थांबली की थरथरे आणि पूर्वी लिटरला १२ किलोमीटर जाणारी गाडी १० वर आली. पुढच्या चार महिन्यांत नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे होते. खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी हे करावे लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीत उतरावी लागते. भारत स्टेज ४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक इतकी आहे. धूर त्याहून जास्त भरला की प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्र नाही तर गाडी रस्त्यावर नाही. एका मोठ्या गॅरेजने गाडीचे बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला की, संपूर्ण पंप आणि चारही इंजेक्टर बदला, नाहीतर गाडी भंगारात द्या. खर्च मामांच्या तीन महिन्यांच्या नफ्याइतका होता.

१. नॉझलचे काम काय?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा अनेक पटींनी दाबली जाते, त्यामुळे ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ सालचे. त्यात इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवा वापरीत आणि त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे. असे इंजिन मोटारीत बसणे शक्य नव्हते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ साली इंधन-पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिनाला रस्ता मोकळा झाला. १९३६ साली मर्सिडीज २६० डी ही डिझेलवरील मोटार बाजारात आली.

आपल्याकडे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ या इंग्लिश गाडीवरून अँबॅसडर तयार झाली. तिला १९७० चे दशक संपता संपता १४८९ घनसेंटीमीटरचे बी. एम. सी. डिझेल इंजिन बसवण्यात आले. भारतातील पहिली डिझेल मोटारगाडी म्हणून ती ओळखली जाते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली बंद पडले, पण आपल्या भागात अशा गाड्या अजून क्वचित दिसतात.

पंप हा डिझेल मोजून दाबाने पाठवतो. इंजेक्टर ते डिझेल सिलिंडरजवळ नेऊन पोहोचवतो. इंजेक्टरच्या टोकाशी जो बारीक झडपेसारखा भाग असतो तो नॉझल. नॉझलमध्ये एक पोलादी सुई असते आणि वरून स्प्रिंग तिला खाली दाबून धरते. पंपाकडून आलेल्या डिझेलचा दाब स्प्रिंगला भारी झाला की सुई उचलली जाते, डिझेल धुक्यासारखे बाहेर पडते आणि दाब उतरताच सुई खटकन बसते. या जातीच्या नॉझलचा उघडण्याचा दाब साधारणपणे १०० ते १५० बार असतो. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो हे लक्षात घेतले म्हणजे हा दाब किती मोठा आहे ते कळेल.

२. झीज किती आणि कशी?

येथे थोडे गणित करू. इंजिनाचे सरासरी फेरे मिनिटाला २,००० धरले, तर चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक नॉझल दर दोन फेऱ्यांस एकदा, म्हणजे मिनिटाला १,००० वेळा उघडतो. तासाला ६०,००० वेळा. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटर चालली, तर एक लाख किलोमीटरला २,५०० तास लागतात. तेवढ्यात एकेक नॉझल १५ कोटी वेळा उघडून मिटतो!

आता प्रत्येक वेळी किती डिझेल? लिटरला १२ किलोमीटर धरले तर तासाला ३.३३ लिटर. चार नॉझलांचे मिळून तासाला २,४०,००० फवारे. भागाकार केला की एका फवाऱ्यात सुमारे १४ घनमिलिमीटर डिझेल येते. पाण्याचा एक थेंब साधारण ५० घनमिलिमीटरचा असतो. म्हणजे एका थेंबाच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्त. इतक्या अल्प मापात सुईच्या टोकाशी जरासे डिझेल ठिबकले तरी मापाचा तोल बिघडतो, हे वेगळे सांगावयास नको. ठिबकलेले डिझेल धुके होऊन जळत नाही, अर्धवट जळते. काळा धूर तो हाच. थंड इंजिनात ते न जळताच वाफ होऊन गेले तर धूर पांढरा येतो.

आम्ही ज्या मेस्त्रींकडे गेलो ते कन्नड बोलणारे. उद्यमबागेच्या बाजूला त्यांचे डिझेल पंप दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. 'करी होगे' की 'बिळी होगे', हा त्यांचा पहिला प्रश्न. काळा धूर की पांढरा धूर! या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हे शब्द घरचेच. माझ्या मते रोगाचे निदान दोन्ही भाषांत एकाच प्रश्नाने सुरू होते, ही मोठी सोयीची गोष्ट आहे.

झिजेची कारणे मेस्त्रींनी चार सांगितली. डिझेलमधील बारीक धूळ, डिझेलमध्ये आलेले पाणी, प्रमाणाबाहेर उष्णता आणि रॉकेलची भेसळ. सुई आणि तिचे घर यांच्यात जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे अंतर असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड. तेवढ्या फटीत वंगण म्हणून दुसरे तेल नसते, डिझेलच वंगणाचे काम करते. रॉकेल पातळ असल्याने ते काम करू शकत नाही. अलीकडे डिझेलमधील गंधक फार कमी केले गेले. २०१७ साली देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ४ मध्ये ते दर दशलक्ष भागांत ५० होते, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मध्ये १० वर आले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही काही अंशी जातो आणि तो भरून काढण्यासाठी कंपन्या त्यात दुसरी द्रव्ये मिसळतात. म्हणून चांगल्या पंपावरचे डिझेल जुन्या गाडीला चालते. भेसळीचे मात्र जुन्या गाडीला मुळीच सोसत नाही.

३. आधी परीक्षा, मग औषध

कोणता नॉझल बिघडला आहे हे गाडीवरच ढोबळमानाने कळते. इंजिन जागेवर चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपाचे नट किंचित सैल करावयाचे. सैल करताच इंजिन अडखळले तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर दोष तेथे आहे. यानंतर इंजेक्टर काढून हातपंपाच्या टेस्टरवर लावतात. त्यावर चार गोष्टी पाहतात. एक, सुई किती दाबाला उघडते. दोन, फवारा सरळ आणि एकसारखा धुक्यासारखा येतो की धारेसारखा. तीन, हँडल मारताना नॉझल 'किर्र' असा आवाज करतो की मुका राहतो. चार, उघडण्याच्या दाबापेक्षा सुमारे १० बार कमी दाब दहा सेकंद धरून ठेवला असता टोकाशी थेंब जमतो का.

येथे एक सूचना ठळकपणे द्यावीशी वाटते. टेस्टरवरच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घालवतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. चालू गाडीत गळती शोधतानाही हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. असे कधी झालेच तर घरगुती उपाय न करता ताबडतोब इस्पितळ गाठावे.

आमच्या चार इंजेक्टरांचा निकाल असा लागला. पहिल्याच्या टोकावर काजळी होती. साफ केल्यावर तो किर्र वाजला आणि फवारा सुधारला. दुसऱ्याच्या टोकाशी थेंब जमत होता. तिसरा कमी दाबाला उघडत होता, पण फवारा चांगला होता. म्हणजे स्प्रिंग मऊ पडली होती. चौथ्याची सुई निळसर झाली होती आणि तोही ठिबकत होता. निळा रंग ही पोलाद जास्त तापल्याची खूण. इंजेक्टरखाली जो उष्णता अडवणारा वॉशर असावयास हवा, तो पूर्वी कधीतरी बसवताना राहून गेला होता. मेस्त्रींनी भिंगातून पाहून मामांना सांगितले, "सूजी सवदैती, सावकार्रऽ." सुई झिजली आहे, सावकार.

४. काय दुरुस्त होते आणि काय होत नाही

या परीक्षेतून शीर्षकातील प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. काजळी साफ करता येते. स्प्रिंगचा दाब स्क्रू फिरवून किंवा पातळ चकती घालून पुन्हा लावता येतो, स्प्रिंग फारच मऊ असेल तर तेवढी बदलता येते. वॉशर नवे घालता येतात, किंबहुना तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवाच घालावा. परंतु सुईची बैठक झिजली किंवा सुई तापून निळी झाली, तर सुई आणि तिचे घर दोन्ही बदलावे लागतात. कारखान्यात ही जोडी एकमेकांस घासून जुळवलेली असते. एका नॉझलची सुई दुसऱ्याच्या घरात घालणे म्हणजे दोन्ही वाया घालवणे. पूर्वी काही कुशल कारागीर झिजलेली बैठक हाताने घासून पुन्हा जमवीत. आता त्या मजुरीत नवी जोडी येते आणि घासताना बैठक रुंद झाली तर फवारा बिघडतो, म्हणून तो मार्ग मागे पडला.

नवा नॉझल घेताना अंगावर कोरलेला क्रमांक जुन्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. या धंद्यात 'मायको' हा शब्द आपल्याकडे घराघरात रुळला. १९५१ साली बंगळूर येथे सुरू झालेली ही कंपनी २००८ पासून बॉश नावाने ओळखली जाते आणि तिच्या नाशिकच्या कारखान्यात नॉझल व इंजेक्टर तयार होत आले आहेत. नाव मोठे असले की नक्कलही होते. नक्कल ओळखण्याचा एक सोपा उपाय मेस्त्रींनी दाखवला. नॉझलवरचे संरक्षक तेल स्वच्छ डिझेलमध्ये धुवावे, सुई भिजवून घरात घालावी, नॉझल उभा धरून सुई एक-तृतीयांश वर ओढावी आणि सोडावी. ती स्वतःच्या वजनाने सावकाश खाली बसली तर जोडी बरोबर. अडली तर जोडी परत करावी.

बसवण्याचे कामही शिस्तीचे आहे. पाइप काढण्याआधी आजूबाजूची धूळ पुसावी, उघडी तोंडे टोपणांनी झाकावीत. जुना वॉशर भोकात चिकटून राहिला नाही ना, हे बॅटरीने पाहावे. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. शेवटी फिल्टर, पंप आणि पाइप यांतील हवा याच क्रमाने काढावी. हवा राहिली तर गाडी चालू होत नाही आणि दोष नव्या नॉझलच्या माथी येतो.

५. वहीतला हिशेब

आता आपल्या शाखेकडे वळू. पुढील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत. भाव ठिकाणानुसार व काळानुसार बदलतात, म्हणून वाचकांनी पद्धत लक्षात घ्यावी.

चार नॉझल प्रत्येकी १,२०० प्रमाणे ४,८०० रुपये, वॉशर व किरकोळ ५००, टेस्टिंग व जोडणी १,०००, काढण्या-घालण्याची मजुरी १,५००. एकूण ७,८०० रुपये. गाडी महिन्याला ६०० किलोमीटर चालते. लिटरला १० प्रमाणे ६० लिटर लागत, १२ प्रमाणे ५० लिटर लागतील. बचत १० लिटर. डिझेल ९० रुपये धरले तर महिना ९०० रुपये. म्हणजे ७,८०० रुपये पावणेनऊ महिन्यांत फिटतात.

यातून तीन धडे निघतात.

पहिला धडा माहितीच्या किमतीचा. पंपाच्या संपूर्ण दुरुस्तीला समजा २५,००० रुपये लागतात. हा खर्च करण्याआधी काही शे रुपयांची टेस्ट केली तर २५,००० चा प्रश्न सुटू शकतो. ज्या गॅरेजने बॉनेट उघडून निकाल दिला, त्याने ही टेस्ट केली नव्हती. स्वस्त परीक्षा आधी, महाग उपाय नंतर, हा क्रम व्यापारातही लागू आहे.

दुसरा धडा बुडीत खर्चाचा. मामा म्हणत, "आत्ताच दोन वर्षांपूर्वी रंगाला तीस हजार घातले, आता कशी सोडू?" मी म्हटले, "मामा, ते तीस हजार गाडी ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले. आता पुढे काय लागेल आणि पुढे काय मिळेल, एवढेच बघू या." त्यांना ते पटले, पण त्यांनी लगेच एक बाजू माझ्या वहीत घातली. "आणि आजीचे बसणे-उठणे कुठल्या रकान्यात लिहिशील?" याला पुस्तकात रकाना नाही. परंतु हिशेब पुरा करावयाचा तर तो धरावाच लागतो. आजीसाठी दर खेपेस उंच भाड्याची गाडी आणावयाची तर जे भाडे पडेल, ते या बाजूला मांडले की निदान एक अंश तरी रुपयांत येतो.

तिसरा धडा संयुक्त खर्चाचा. खरे पाहता दोनच नॉझल बदलणे अनिवार्य होते. मग चार का? काढण्या-घालण्याची मजुरी दोन्ही वेळी जवळपास तीच पडते. चारही नॉझल एकाच वयाचे. राहिलेले दोन वर्षभरात गेले, तर मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल. दोन नॉझलचे वाढीव २,४०० रुपये एका बाजूला आणि पुन्हा मजुरी, टेस्टिंग व गाडी अडून राहणे दुसऱ्या बाजूला. मामांनी चार बदलले आणि साफ केलेला पहिला नॉझल तेल लावून डब्यात जपून ठेवला.

राहिला नोंदीचा प्रश्न. हा खर्च गाडीची मूळ क्षमता परत आणतो, वाढवत नाही. म्हणून तो महसुली खर्च. त्याऐवजी नवे इंजिन बसवून गाडीचे आयुष्य वाढवले असते तर तो भांडवली ठरला असता आणि त्यावर घसारा काढावा लागला असता. परंतु येथे आणखी एक खोच आहे. गाडी बहुतांशी घरची. धंदा आणि मालक हे हिशेबात वेगळे मानावयाचे असतात. म्हणून दुकानाच्या वापराइतका भागच दुकानाच्या खर्चात घेतला आणि बाकीचा मामांच्या नावे उचल म्हणून लिहिला. मामांना हे फारसे आवडले नाही, पण त्यांनी वहीवर सही केली.

६. निष्पत्ती

नॉझल बदलल्यावर गाडी सकाळी पहिल्या झटक्यात चालू होऊ लागली. टाकी काठोकाठ भरून, चालवून, पुन्हा काठोकाठ भरून मोजले तेव्हा लिटरला १२ किलोमीटर पडले. धूर मर्यादेच्या आत आला, नूतनीकरण झाले आणि पंपाला हात लावावा लागला नाही. अर्थात पंपही जुनाच आहे. त्यातील रबरी सील कधीतरी गळतील आणि त्या दिवशी हाच हिशेब नव्या आकड्यांनी मांडावा लागेल. एक दिवस उत्तर 'गाडी सोडावी' असेही येईल. जुन्या वस्तूवरील प्रेम हे हिशेबाला पर्याय नव्हे, तसेच नवी वस्तू घेणे हेही दर वेळी शहाणपण नव्हे.

विद्यार्थीमित्रांना एवढेच सांगावेसे वाटते की, आपल्या बेळगावच्या आसपास लेथ, फाउंड्री आणि दुरुस्तीची शेकडो दुकाने आहेत. तेथील कारागिरांजवळ परिव्यय-लेखांकनाची जिवंत उदाहरणे आहेत. ती मराठीत ऐकावयास मिळतात, कन्नडमध्येही मिळतात. सुट्टीतला एखादा दिवस वही-पेन घेऊन अशा एका दुकानात बसावे. 'हा भाग दुरुस्त का केला नाही?' एवढा एकच प्रश्न विचारावा. जे उत्तर मिळेल ते आपल्या पुस्तकातील कोणत्या प्रकरणात बसते, हे शोधणे हा उत्तम अभ्यास होईल.